पहिले पिस्तूल निवडताना

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या वाचक भगिनींकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत राहतो: "मला शूटिंग शिकायचे आहे. बाईमाणसाला झेपेल असे पिस्तूल कोणते?" कुणी मुलीसाठी विचारते, कुणी चाळिशीनंतर स्वतःसाठी काही करायचे ठरवले म्हणून विचारते. २०२४ च्या जुलैअखेरीस पॅरिसमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक जिंकले, दोनच दिवसांनी सरबज्योत सिंगच्या साथीने दुसरे मिळवले, आणि या प्रश्नाला उत्साहाची धार आली. पुढच्याच महिन्यात बदलापुरातल्या एका शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड झाले, लोक रेल्वे रुळांवर उतरले, आणि त्याच प्रश्नात भीतीही मिसळली.

माझे उत्तर आधीच सांगते. बायकांचे असे वेगळे पिस्तूल नसते. तुमच्या हाताला बसणारे पिस्तूल असते, आणि ते कोणते हे दुकानाच्या काउंटरवर कळत नाही, रेंजवर काही आठवडे घालवल्यावर कळते. म्हणून पहिले काही महिने काहीही विकत घेऊ नका. घरच्यांनी वाढदिवसाला "सरप्राइज" म्हणून पिस्तूल आणण्याचा बेत केला असेल, तर तोही प्रेमाने थांबवा.

आधी ठरवा: खेळ की संरक्षण?

हे दोन पूर्णपणे वेगळे रस्ते आहेत. शस्त्र वेगळे, कायदा वेगळा, खर्चही वेगळा. "दोन्हीला चालेल असे एक" मागायला गेलात तर दोन्हींकडून फसाल.

- खेळासाठी सुरुवात १० मीटर एअर पिस्तुलाने होते. ४.५ मिमी व्यासाचे आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेले हवेचे पिस्तूल बाळगायला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेच्या पिस्तुलांची ऊर्जा या मर्यादेच्या बरीच खाली असते.
- संरक्षणासाठी जे अग्निशस्त्र लोकांच्या मनात असते, त्याला परवाना लागतोच. त्याशिवाय ते बाळगणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे.
- एअर पिस्तूल संरक्षणाच्या कामाचे नाही. त्याने हल्लेखोर थांबत नाही. उलट लांबून ते खरे वाटते आणि समोरचा त्याच समजुतीने वागतो. ते पर्समध्ये घेऊन फिरू नका.

खेळाचा रस्ता आधी घेऊ. माझ्या मते बहुतेकींसाठी तोच योग्य आहे, आणि पुढे संरक्षणाचा विचार कायम राहिला तरी हात इथेच तयार होतो.

हातात धरून काय पाहायचे

स्पर्धेत पिस्तूल एका हाताने धरतात. दुसरा हात खिशात किंवा कमरपट्ट्यात. साधारण एक किलोचे वजन खांद्याच्या उंचीवर न थरथरता धरायचे, आणि असे साठ शॉट पाऊण तासापासून सव्वा तासापर्यंत. दहाच्या वर्तुळाचा व्यास फक्त ११.५ मिमी. इथे ताकदीपेक्षा मूठ, मनगट आणि बोट एका रेषेत बसण्याला महत्त्व आहे. म्हणून पाहण्याचा क्रम असा ठेवा:

- ग्रिप. लाकडी मूठ एस, एम, एल अशा मापांत येते, काहींची एक्सएसही मिळते. आपल्याकडे बहुतेक स्त्रियांच्या हाताला एस किंवा एम लागते. क्लबच्या पिस्तुलांना मात्र बरेचदा एम किंवा एल लावलेली असते. डोळे मिटून पिस्तूल उचला, लक्ष्याकडे धरा, मग डोळे उघडा. पुढची आणि मागची साइट आपोआप एका रेषेत आलेली दिसली, तर ग्रिप जुळली. दर वेळी मनगट वळवावे लागत असेल तर जुळली नाही.
- बोटाची पोच. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर सहज टेकला पाहिजे आणि उरलेले बोट लाकडाला घासता कामा नये. ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो का, हे विचारा. लहान हातासाठी ही सोय ब्रँडच्या नावापेक्षा जास्त मोलाची आहे.
- तोल. एकूण वजनाइतकेच ते कुठे आहे हेही पाहा. नळी लांब आणि सिलिंडर पुढे असेल तर टोक खाली ओढते. मोरिनी, स्टायर, पार्दिनी यांसारख्या कंपन्या त्याच पिस्तुलाच्या आखूड, हलक्या आवृत्त्या काढतात. बारीक मनगटाच्या किंवा किशोरवयीन मुलीने आधी त्या धरून पाहाव्यात. पण "सर्वांत हलके ते सर्वांत चांगले" असे नाही. फार हलके पिस्तूल हवेत भिरभिरते.
- डावे की उजवे. दोन्ही तळव्यांचा त्रिकोण करून त्यातून लांबची एखादी वस्तू पाहा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने वस्तू जागेवर राहते, तो तुमचा प्रबळ डोळा. हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर घाबरू नका, कोचला मात्र पहिल्याच दिवशी सांगा. ग्रिप डाव्या-उजव्या हाताची वेगळी असते आणि चुकीची घेतली की पैसे पाण्यात.
- ट्रिगर. १० मीटर एअर पिस्तुलाच्या नियमानुसार ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा हवा, आणि स्पर्धेआधी तो वजन टांगून तपासतात. "एकदम हलका करून देतो" असे कुणी म्हणाले तर नको म्हणा. पिस्तुलाची कमाल मर्यादा दीड किलो आहे, पण तिच्याजवळ जाण्याची तुम्हाला गरजच पडणार नाही.

चाचणीला जाताना घड्याळ, बांगड्या आणि अंगठ्या त्या हातातून काढून जा. मनगटावर सैल काही असले की ग्रिपचा अंदाज चुकतो. सपाट तळाचे बूट घाला. ओढणी असेल तर कमरेला घट्ट बांधा.

कोणत्या प्रकारचे घ्यावे

तुमच्यासमोर मुख्यतः तीन प्रकार येतील.

स्प्रिंगची स्वस्त पिस्तुले बाजारात सहज मिळतात. ती घेऊ नका. झटका दोन दिशांना बसतो, नवशिकीला चुकीची सवय लागते आणि स्पर्धेत त्यांचा उपयोग नाही.

एका दाबाने हवा भरणाऱ्या पिस्तुलात प्रत्येक शॉटआधी लिव्हर ओढावी लागते. त्यांना सिलिंडर लागत नाही, देखभाल कमी असते आणि घरी सरावाला ती उत्तम. पण साठ वेळा लिव्हर ओढताना बारीक अंगाच्या मुलीचा खांदा थकतो आणि त्याचा परिणाम शेवटच्या वीस शॉटांवर दिसतो.

आधीच दाबाने हवा भरलेल्या सिलिंडरची पिस्तुले, म्हणजे पीसीपी, आज स्पर्धेत सर्वत्र दिसतात. झटका जवळजवळ नाही, लिव्हर हलकी. नवे परदेशी पिस्तूल दीड-दोन लाखांच्या घरात किंवा त्यापुढे जाते. हवा भरण्याची सोय क्लबमध्ये आहे का, हे पाहिल्याशिवाय त्यावर खर्च करू नका. सिलिंडर रिकामे झाले की पिस्तूल पेटीतच राहते.

यांत्रिक ट्रिगर की इलेक्ट्रॉनिक, हा प्रश्नही येतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार गुळगुळीत असतो, पण बिघडला तर गल्लीत दुरुस्त होत नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तिच्या पाठीशी तर सगळी यंत्रणा उभी होती. पहिल्या पिस्तुलाला मी यांत्रिक ट्रिगर सुचवीन, आणि आपल्या क्लबमध्ये ज्या कंपनीची पिस्तुले जास्त आहेत तीच कंपनी. सुटे भाग, ग्रिप आणि दुरुस्तीची माहिती शेजारच्या लेनमध्ये मिळते, हा फायदा कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठा आहे.

जुने घेत असाल तर

मध्यमवर्गीय घरासाठी जुने पिस्तूल हाच बहुधा व्यवहार्य मार्ग असतो. वर चढलेले खेळाडू पिस्तूल बदलतात आणि चांगला माल निघतो. फक्त हे तपासा:

- सिलिंडरवर निर्मितीची तारीख कोरलेली असते. त्याचे आयुष्य साधारणपणे १० वर्षे धरतात आणि मुदत संपलेले सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. पिस्तूल स्वस्त आणि सिलिंडर नवे घ्यावे लागणार, असा सौदा पुष्कळदा महागात पडतो.
- सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी दाब उतरलेला असेल तर सील गेलेले आहे.
- पिस्तूल स्टँडमध्ये घट्ट बसवून पाच छर्रे मारून पाहा. सगळे जवळपास एकाच भोकातून गेले पाहिजेत. चपट्या तोंडाचे ४.५ मिमीचे छर्रे दोन-तीन कंपन्यांचे वापरून पाहा. प्रत्येक नळीला एखादा जास्त मानवतो.
- ग्रिप खरवडून किंवा पुट्टी लावून बदललेली असेल तर नवीन ग्रिपची किंमत सौद्यात धरा.
- मूळ बिल आणि क्रमांक मागा. कागदपत्रांशिवाय पिस्तूल घेऊ नका, ओळखीतले असले तरी. नवे घेताना विक्रेत्याने तुमचे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागितला पाहिजे; न मागणाऱ्याच्या दुकानातून बाहेर पडा.

कुठे शिकाल

तिन्ही शहरांतून सकाळी उठून जाता येईल अशी नावाजलेली दोन ठिकाणे आहेत. एक म्हणजे वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज, दुसरे नवीन पनवेल, जिथे अथेन्स ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. वरळीला लोकलने जाता येते. पनवेलला काटई, खोणी, तळोजा असा रस्ता आहे. रोजचे शक्य नसेल तर आठवड्यातून दोनदा रेंज आणि बाकी दिवस घरी छर्‍याशिवाय सराव, ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात, एवढ्यावर पहिले वर्ष उत्तम जाते. पाण्याची एक लिटरची भरलेली बाटली हात सरळ ठेवून पंधरा-वीस सेकंद धरा, खाली ठेवा, पुन्हा धरा. पिस्तूल येण्याआधी खांदा तयार होतो.

घराजवळच्या छोट्या अकादमीत जायचे असेल तर पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन पाहा: राज्य संघटनेशी संलग्नता आहे का, कोचकडे प्रमाणपत्र आहे का, एस मापाच्या ग्रिपचे क्लब पिस्तूल आहे का, आणि लेनवर लोक असताना कुणी लक्ष्याकडे चालत जाते का. शेवटचे दिसले तर तिथे पाऊलही ठेवू नका.

वयाची भीती बाळगू नका. राष्ट्रीय रायफल संघटनेच्या स्पर्धांत ज्येष्ठांसाठी मास्टर्स गट असतात. ही संघटना १९५१ मध्ये उभी केली ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांनी, त्यांच्याच नावाची स्पर्धा आजही राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची मोठी पायरी आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले, नेमबाजीत असे करणारी ती पहिली भारतीय महिला. २५ मीटरला .२२ चे पिस्तूल लागते, तेही परवान्याने. तो टप्पा एअर पिस्तुलाचा स्कोअर स्थिरावल्यावर.

भीतीपोटी परवाना घ्यायचा विचार असेल तर

ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. रात्रीच्या शेवटच्या लोकलने बदलापूरला उतरून एकटीने रिक्षा शोधणाऱ्या बाईला ते सांगण्याचा कुणाला अधिकार नाही. पण निर्णय घेण्याआधी काही गोष्टी समोर ठेवा.

बलात्काराच्या बहुसंख्य प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे दाखवत आले आहेत. तिथे पर्समधले रिव्हॉल्व्हर बाहेर येत नाही. गर्दीच्या डब्यात ते चालवताच येत नाही. हिसकावले गेले तर तुमच्यावरच रोखले जाते. घरात भांडणाचे किंवा दारूचे वातावरण असेल तर तिथे शस्त्र आणूच नका.

आणि "महिलांसाठी" म्हणून जे विकले जाते त्याकडे नीट पाहा. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी कारखान्याने निर्भीक नावाचे .३२ चे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले: टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. पुढे निडर हे .२२ चे आणखी हलके रिव्हॉल्व्हर आले. पर्समध्ये मावते, हलके आहे, हीच त्यांची जाहिरात. पण गोळीचा धक्का तेवढाच राहून शस्त्र हलके झाले की तो हाताला जास्त बसतो. नळी आखूड असल्याने नेम धरणे कठीण होते. आठवड्याला सराव करणाऱ्या व्यक्तीसाठी ते ठीक. कपाटात ठेवून वर्षातून एकदा हातात घेणाऱ्या नवशिकीसाठी ती सर्वांत अवघड निवड आहे. अग्निशस्त्र घ्यायचेच ठरले, तर थोडे वजनदार आणि मूठ पूर्ण भरणारे घ्या, आणि आधी रेंजवर त्याच बोअरचे शस्त्र चालवून पाहा.

परवान्याची वाट अशी:

१. तिन्ही शहरे ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या परिमंडळ ४ मध्ये येतात, म्हणून परवाना देणारे अधिकारी पोलीस आयुक्त. आसपासचे जे गाव ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आहे, तिथून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. आपले पोलीस ठाणे नेमके कोणते, हे आधी पक्के करा.
२. अग्निशस्त्राच्या परवान्यासाठी वय २१ पूर्ण हवे. अर्जासोबत शस्त्र सुरक्षेच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते.
३. पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. धोका कशाचा आहे, आधी तक्रारी केल्या आहेत का, हे विचारतात. जुन्या तक्रारींच्या प्रती जवळ ठेवा.
४. परवाना पाच वर्षांचा असतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात.

तुमचे हक्कही माहीत असू द्या. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि सार्वजनिक हिताचा अडथळा नसेल तर मागितल्यावर तुम्हाला द्यावी लागतात. कलम १८ प्रमाणे अपील करता येते. मात्र परवाना हा मागितला की मिळणारा हक्क नाही, आणि "आठ दिवसांत काढून देतो" म्हणणारा दलाल तुम्हाला गुन्ह्यात अडकवू शकतो.

स्वसंरक्षणाचा हक्क शस्त्रावर अवलंबून नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो दिलेला आहे. बलात्कार, अपहरण किंवा ॲसिड हल्ल्याच्या प्रसंगी तो हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि हल्लेखोर पळत असताना मागून गोळी झाडली तर आरोपी तुम्ही ठरू शकता. ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक, आणि रेल्वेत १३९, फोनमध्ये एका बोटावर ठेवा. हे काम आजच होते.

घरात आणि लोकलमध्ये

पिस्तूल कुलूपबंद पेटीत, सिलिंडर काढून, छर्रे वेगळ्या ठिकाणी. नळीत नारिंगी सुरक्षा दोरी घातलेली. किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी. ड्राय फायरिंगसुद्धा ज्या भिंतीपलीकडे कुणी नाही त्याच भिंतीकडे तोंड करून. गॅलरीतून किंवा गच्चीवर छर्रे मारू नका. कुणाचा डोळा गेला तर "एअरगनच होती" हे उत्तर चालत नाही.

लोकलने जाताना पेटी उघडू नका, पिस्तूल दाखवायला काढू नका. बिलाची प्रत आणि क्लबचे ओळखपत्र पेटीतच ठेवा, म्हणजे सुरक्षा दलाने विचारले तर दोन मिनिटांत विषय संपतो. सण, मोर्चे आणि निवडणुकांच्या काळात पोलीस आयुक्त शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारे आदेश काढतात. अशा वेळी निघण्याआधी क्लबला फोन करा. परवान्याचे शस्त्र असेल तर निवडणुकीत ते जमा करण्याची नोटीस येऊ शकते, पावती घ्या.

शरीराची काळजी

छर्रे शिशाचे असतात. सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, बाळाला घेऊ नका. गरोदर असाल, राहण्याचा विचार असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर बंदिस्त रेंजवर अग्निशस्त्राचा सराव थांबवा. तिथल्या धुरात शिसे असते. एअर पिस्तुलाबाबतही डॉक्टरांना सांगूनच पुढे जा. चष्मा असेल तर तो घालूनच पिस्तूल तपासा: पुढची साइट ठळक आणि लक्ष्य किंचित धूसर, असे दिसायला हवे. चाळिशीच्या चष्म्याच्या स्त्रियांना यासाठी वेगळा नंबर लागू शकतो.

रेंजवर तुमचे हक्क

उभे राहणे, खांदा, मनगट सुधारताना कोचला हात लावावा लागतो. त्याने आधी विचारावे, आणि तुम्ही "तोंडाने सांगा" म्हणालात तर त्याने ऐकावे. मुलगी अल्पवयीन असेल तर पालकांना रेंजवर बसू देत नाहीत अशा ठिकाणी तिला पाठवू नका. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ प्रतिबंधाचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी क्रीडा संस्था आणि मैदानेही आपल्या कक्षेत घेतो. दहा किंवा त्याहून जास्त माणसे काम करत असतील तर तिथे अंतर्गत समिती हवी. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार जाते, आणि ती घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते. प्रवेशाचा अर्ज भरताना या समितीच्या सदस्यांची नावे मागून घ्या.